गाडी उंच की बाई बुटकी?



या अंकाचं संपादकीय सीट, स्प्रिंग आणि टायर यांच्याबद्दल आहे. हे वाचून काहीजणींना नवल वाटेल. अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षं रखडलेत, रोजगार हमीची मजुरी थकते, रेशनच्या रांगा संपत नाहीत, आणि हिला मोटारसायकल कुठून सुचली? सुचली ती आपल्याच बैठकांमधून. ‘बैठकीला का आली नाहीस?’ या प्रश्नाला पूर्वी ‘सासू सोडत नाही’, ‘नवरा नको म्हणतो’ अशी उत्तरं यायची. अजूनही येतात. पण अलीकडे आणखी एक उत्तर ऐकू येतं : ‘घरात गाडी आहे ताई, पण माझे पाय टेकत नाहीत.’

हे उत्तर देणाऱ्या कोण आहेत? आशा ताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, बचत गटांचा हिशेब पाहणाऱ्या आहेत, पहाटे डेअरीत दूध पोचवणाऱ्या आहेत. त्यांच्या गावाला सकाळी एक आणि संध्याकाळी एक एस.टी. येते; कधी तीही येत नाही. दारात मात्र दहा-पंधरा वर्षांची शंभर सीसीची मोटारसायकल उभी असते. नवऱ्याने नवी घेतली म्हणून जुनी ताडपत्रीखाली गेली, किंवा मुलगा शहरात गेला आणि गाडी मागे राहिली, किंवा नवरा गेला आणि त्याच्या चार वस्तूंत हीही उरली. विकायला काढली तर हातात फार काही पडत नाही. नवी स्कूटर घ्यायची तर ऐंशी-नव्वद हजारांच्या पुढची गोष्ट. म्हणजे वाहन आहे, रस्ता आहे, कामाची गरज आहे, चालवायची इच्छाही आहे. अडलंय कुठे, तर दोन-तीन सेंटिमीटरवर!

माझी उंची चार फूट अकरा इंच आहे आणि गेली बरीच वर्षं मी जुनी, गिअरची मोटारसायकल चालवते. तेव्हा हे ऐकीव ज्ञान नाही. ‘तुमची उंची कमी आहे’ हे वाक्य मी दुकानात, गॅरेजमध्ये आणि नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की ते उलटं करून पाहायची सवयच लागली. माझी उंची कमी आहे की गाडी उंच आहे?

थोडे आकडे पाहू. भारतातल्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. अशा बाईच्या पायाची आतली लांबी, जांघेपासून टाचेपर्यंत, साधारण ६८ ते ७० सेंटिमीटर भरते. खेडोपाडी सर्वांत जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. बसल्यावर सीट आणि स्प्रिंग थोडी दबतात, तरी टाच हवेतच राहते. बुलेटचं सीट याहून वर, ८०० मिलिमीटरच्या आसपास, आणि वजन स्प्लेंडरच्या दीडपटीहून जास्त. सरासरी बाई ज्या यंत्राला ‘बुटकी’ ठरते, ते यंत्र बनवताना सरासरी म्हणून कोणाचं शरीर धरलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू पाहा. ‘बायकांची गाडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅक्टिव्हाचं सीट ७६५ मिलिमीटरच्या आसपास आहे. फरक किती? दोन सेंटिमीटर! वजनातही फार अंतर नाही. दोन्ही गाड्या साधारण १०५ ते ११२ किलोंच्या आहेत. म्हणजे ‘मोटारसायकल बाईला पेलत नाही, स्कूटर पेलते’ या समजुतीला वजनाचा आधार नाही आणि उंचीचा आहे तो बोटभर. खरा फरक असा की स्कूटरवर पाय न टाकता, पुढच्या मोकळ्या जागेतून बसता येतं. साडी नेसून बसता येतं.

इथेच मला मुद्दा सापडतो. वाहन बनवणाऱ्यांनी आणि कायदा करणाऱ्यांनी बाईचा विचार केलाच नाही, असं म्हणता येत नाही. त्यांनी केला, पण तो तिच्या कपड्यांचा केला. लेडीज सायकलचा मधला दांडा खाली आणला तो घोळदार झग्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे. त्याने कितीतरी जणींचा जीव वाचवला असेल आणि तो काढून टाकणाऱ्या हौशी पोरांना आपण जरूर हटकावं. पण त्या नियमातली बाई कुठे बसली आहे पाहा. मागे! एका बाजूला दोन्ही पाय सोडून. तिच्या पदराची काळजी घेतली गेली. तिच्या पायाच्या लांबीची, तळहाताच्या मापाची, तिच्या वजनाला साजेशा स्प्रिंगची कोणी घेतली नाही. कारण ती पुढे बसेल अशी कल्पनाच नव्हती.

मग बाई पुढे बसू लागली तेव्हा तिला वेगळी गाडी दिली. १९७२ साली पुण्यातून लूना आली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा, नव्वदीत स्कूटी, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा. या गाड्यांचे आपल्यावर उपकार आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करते. शहरांतल्या हजारो मुली त्यांच्यावरून कॉलेजात आणि नोकरीला गेल्या. पण या व्यवस्थेत एक मेख आहे. शेताचा बांध, मुरमाचा रस्ता, ओढ्यातला चिखल इथे स्कूटरच्या लहान चाकांपेक्षा अठरा इंची चाक बरं चालतं. ते चाक ‘पुरुषांच्या’ गाडीला. आणि ज्या घरात एकच वाहन परवडतं, त्या घरात ते कोणाच्या मापाचं येणार, हे ठरलेलं आहे.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांनी सायकल शिकायची लाट आली होती. लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि मग कळलं की ज्या मधल्या दांड्यामुळे ती सायकल ‘बायकांची नाही’ म्हणत, त्याच दांड्यावर लेकराला बसवता येतं! आपल्यासाठी वेगळं काही बनेल म्हणून त्या थांबल्या नाहीत. होतं ते घेतलं आणि आपल्या कामाला लावलं. जुन्या मोटारसायकलबाबत मला हेच म्हणायचं आहे. फक्त मोटारसायकल आहे तशी घ्यायची गरज नाही. ती आपल्या मापाची करून घेता येते. कशी, ते आता क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण गॅरेजमध्ये नेमका उलटा क्रम सुचवला जातो.

सर्वांत आधी काही न बदलता येणारी गोष्ट. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत, असं नाही. गाडी थांबवताना कंबर जराशी डावीकडे सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा. उंच पुरुषही पुष्कळदा असंच थांबतात. थांबायची जागा निवडायची सवय लावून घ्यायची : डावीकडे खड्डा किंवा उतार नको, उंचवटा असला तर उत्तम. एवढ्याने निम्म्याजणींचं भागतं.

दुसरं सीट. रेक्झिनच्या कव्हरखाली जाड फोम असतो. सीट कुशन करणाऱ्याकडे जाऊन चालवणारीच्या जागेचा फोम एक ते दीड इंच कमी करून घ्यायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सीटची पुढची बाजू, टाकीला चिकटलेली, दोन्हीकडून निमुळती करून घ्यायची. सीट रुंद असलं की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी बाजूला वाया जाते. निमुळतं केलं की पाय सरळ खाली येतो. उंची न बदलताही फरक जाणवतो. मात्र फोम पत्र्यापर्यंत कोरू द्यायचा नाही. खाली घट्ट फोमचा थर हवाच, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर माकडहाड आणि कंबर सांगेल. कव्हर चढवण्याआधी तिथेच बसून पाहायचं. हे काम थोडक्या पैशांत होतं, गाडीच्या चालण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि नको वाटलं तर नवा फोम घालून सीट पूर्ववत करता येतं.

तिसरं स्प्रिंग. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतात, गॅरेजच्या भाषेत शॉकअप. बऱ्याच गाड्यांत त्यांच्या खालच्या टोकाशी खाचांची एक कडी असते. ती खास पान्याने फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते. घरातल्या गाडीवर दोन माणसं आणि खताचं पोतं जात असतं, म्हणून ती कडक करून ठेवलेली असते. पंचेचाळीस-पन्नास किलोंची बाई एकटी बसली की अशी स्प्रिंग दबतच नाही. गाडी ताठ उभी राहते आणि पाय आणखी लोंबतात. एकटीने चालवायचं तर कडी सर्वांत मऊ खाचेवर आणायची. मागे कोणी बसणार असेल तर पुन्हा कडक करायची. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. शॉकअपमधून तेल गळत असेल तर मात्र बदलायचे आणि दोन्ही एकदम बदलायचे, एक जुना एक नवा असं नाही.

गॅरेजवाला इथे म्हणेल, ‘ताई, छोटे शॉकअपच टाकून देतो.’ टाकता येतात, पण समजून. मागचं चाक जिथे जोडलंय तिथे गाडी दोन सेंटिमीटर उतरवली तरी सीट दोन्ही चाकांच्या मध्ये असल्याने तिथे सव्वा-दीड सेंटिमीटरच मिळतो. बदल्यात चार गोष्टी बिघडतात. मागून बसकी झालेली गाडी हँडलला सुस्त होते. हेडलाइट वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. साइड स्टँड गाडीला लांब पडतो, गाडी जवळजवळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने पलीकडे पडते. आणि डबल स्टँडवर चढवायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. त्यातून बदलायचेच असतील तर अर्ध्या-पाऊण इंचाहून लहान नकोत. साइड स्टँड तेवढा आखूड करून घ्यायचा. दिवा खाली वळवायचा. आणि दोन धडधाकट माणसं बसवून, गाडी दाबून, टायर मडगार्डला घासत नाही ना ते डोळ्यांनी पाहायचं. काही गाड्यांत पुढच्या फोर्कच्या नळ्या पकडीतून सेंटिमीटरभर वर सरकवून पुढचा भागही तेवढाच उतरवता येतो. दोन्ही नळ्या अगदी सारख्या सरकल्या पाहिजेत आणि हे काम जाणत्या मेकॅनिकचंच.

चौथे टायर. यांना उंची कमी करण्याचं साधन समजूच नये. जुन्या मापाच्या टायरवर २.७५-१८ असं लिहिलेलं असतं : पावणेतीन इंच रुंदी आणि अठरा इंची रिम. या टायरांत रुंदी आणि जाडी जवळपास सारखी, म्हणून हौसेने तीन इंची टायर बसवला की गाडी सहा मिलिमीटर वर जाते, हँडल जड होतं आणि टायर चेन कव्हरला घासायची भीती. रिम एक इंचाने लहान केली तर अर्धा इंच मिळतो, पण पोटाखालची जागाही तेवढीच घटते. मग गावच्या प्रत्येक गतिरोधकावर गाडी पोट घासणार आणि स्पीडोमीटर खोटं बोलणार. हवा कमी ठेवून गाडी बसकी करायचा सल्ला कोणी दिला तर साफ नाही म्हणा. त्याने वळणावर गाडी घसरते. टायरबाबत बाईने एकच आग्रह धरावा, चांगल्या टायरचा. ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी दिसते, पण रबर दगडासारखं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. १८१५ म्हणजे २०१५ सालचा अठरावा आठवडा. इतका जुना टायर असेल तर सीटचे पैसे राखून आधी टायर बदला. पाय टेकणं सोयीचं आहे, टायरने रस्ता धरणं जिवाचं आहे.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी : क्लचची तार तेल घालून मऊ करून घ्या आणि लिव्हर थोडं खाली वळवून घ्या, लहान पंजा दुखायचा थांबतो. किक मारताना उंची पुरत नसेल तर गाडी डबल स्टँडवर घ्या. डबल स्टँडवर गाडी हाताने उचलायची नसते; स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले की टाचेवर सगळं वजन टाकायचं, गाडी आपोआप मागे चढते. हे ताकदीचं काम आहे असं आपल्याला सांगितलं गेलं. आहे ते तरफेचं काम, आणि तरफ आपण शाळेत शिकलोय.

तुम्ही म्हणाल, हे सगळं गॅरेजवाल्याला ठाऊक असेलच की. असतं. पण तो ते कोणाला सांगतो? बाई गाडी घेऊन गेली तर ‘साहेब नाही आले?’ असा प्रश्न येतो. बरोबर बारा वर्षांचा मुलगा असेल तर बिघाड त्याला समजावला जातो. गॅरेज हा गावातल्या पारासारखाच पुरुषांचा अड्डा आहे. तिथलं ज्ञान गप्पांतून, चहातून, शेजारी उभं राहून मिळतं आणि नेमकं तिथे उभं राहणं बाईला वर्ज्य. म्हणून मी या बदलांच्या तपशिलात शिरले. ‘सीट आधी, मग स्प्रिंग, छोटे शॉकअप नकोत’ एवढं नेमकं बोलणारी बाई समोर उभी राहिली की ‘साहेब’ कुठे आहेत हा प्रश्न विचारला जात नाही, हा माझा अनुभव आहे.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने ठरवलेला आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. सीटचा फोम आणि स्प्रिंगची खाच यांनी पुस्तकातला तपशील बदलत नाही. चाकाचं-टायरचं माप बदललं तर अडचण येऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही तेच बोट दाखवील. मापाच्या बाबतीत सुरक्षिततेचा आणि कायद्याचा सल्ला एकच आहे, हे बरं. अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुरूप करून घ्यायची सोय कायद्यात आहे, म्हणजे यंत्राने शरीराशी जुळवून घ्यावं हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग देशातल्या निम्म्या प्रौढांची सरासरी उंची ज्याच्यात बसत नाही, त्या सीटची उंची कमी-जास्त करायची सोय कारखान्यातूनच का देऊ नये? ही मागणी आपण जोरात करायला हवी. ‘लेडीज स्पेशल’ गुलाबी गाडी नको. सर्वांच्या गाडीला दोन उंचीचं सीट हवं. बुटक्या पुरुषांनाही त्याचा उपयोग होईल, जे बिचारे बोलत नाहीत.

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो योग्य आहे. ज्या घरात मोटारसायकलच नाही, त्या बाईचं काय? भूमिहीन, एकल, आदिवासी पाड्यावरची बाई पायीच चालते. तिच्यासाठी वेळेवर येणारी एस.टी. हीच मागणी खरी आणि ती आपण सोडणार नाही. पण रात्री आठला पाड्यावरून फोन येतो तेव्हा मदतीला जाणारी आशा किंवा कार्यकर्ती कशावरून जाते? कोणीतरी पुरुष ‘सोडेल’ का, याची वाट पाहत बसते. मारहाण झालेल्या बाईला रात्री बाहेर काढायचं, आणि त्यासाठी आपल्याच नवऱ्याची परवानगी आणि त्याची गाडी मागायची, हा पेच आपल्यापैकी अनेकींनी भोगलाय. आपली ये-जा दुसऱ्याच्या मर्जीवर असेल तर आपलं कामही त्याच मर्जीवर चालतं.

म्हणून गटांसाठी काही सुचवते. पुढच्या शिबिरात एक दुपार गाडीसाठी ठेवा. भाषण नको. एक जुनी मोटारसायकल मध्ये उभी करा, प्रत्येकीने तिच्यावर बसून पाहावं, टाच आणि जमीन यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून लिहावं. स्प्रिंगची खाच फिरवून पुन्हा मोजावं. डबल स्टँडवर चढवायला प्रत्येकीला जमेपर्यंत थांबावं. तालुक्यातला समजूतदार मेकॅनिक आणि सीटवाला शोधून त्यांना बोलवावं आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. शिकाऊ परवान्याचे अर्ज त्याच दिवशी भरावेत. आणि गाडीचं नोंदणी पुस्तक कोणाच्या नावावर आहे, हे विचारायला विसरू नये. नवरा वारलेल्या किती जणींच्या गाड्या आजही मयताच्या नावावर आहेत, म्हणून त्या चालवता येत नाहीत की विकता येत नाहीत! सातबाऱ्यावर नाव लावायचा लढा आपण लढतोच आहोत. त्याच कागदपत्रांच्या पिशवीत हेही पुस्तक असू द्या.

मोजलेली अंतरं, केलेले बदल, आलेला खर्च आणि गॅरेजमध्ये आलेले अनुभव आमच्याकडे लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते छापू, आणि पुरेसे जमले की दोन उंचीच्या सीटची मागणी घेऊन गाडी बनवणाऱ्यांच्या आणि परिवहन खात्याच्या दारात जाऊ. तेव्हा ‘बायकांना उंच गाड्या जमत नाहीत’ असं कोणी म्हणालं, तर त्यांच्यापुढे ठेवायला आपल्याकडे गावागावांतली मापं असतील.

सस्नेह,
तुमची,
संपादक